चार दोऱ्या आणि बारा पावलं

तमाम फुटबॉलप्रेमी नागरिक, आजी-माजी खेळाडू, त्यांचे पालक, तसेच कुंपणाबाहेर उभे राहून आत काय चाललं आहे हे पाहू पाहणारे समस्त रिकामटेकडे यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या शहराच्या बहुप्रतीक्षित स्टेडियमचे काम प्रगतिपथावर आहे. सदर काम पूर्ण होईपर्यंत कोणीही मरू नये. या सूचनेचे उल्लंघन करून श्री. शेषराव तायडे, वय चौऱ्याहत्तर, हे गेल्या महिन्यात मरण पावले. त्यांनी त्यासाठी पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती.

यातलं ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढं माझं नाही. ते आमच्या मैदानाभोवतीच्या पत्र्यावर अकरा वर्षांपासून लिहिलेलं आहे. ऊन लागून अक्षरं उडाली की कार्यालयातून एक माणूस डबा-ब्रश घेऊन येतो आणि तीच अक्षरं पुन्हा रंगवून जातो. अकरा वर्षांत त्या जागेवर वेळच्या वेळी झालेलं काम मला तरी हे एकच ठाऊक आहे. बाकीचा मजकूर माझ्या पदरचा. गावाचं नाव मात्र मी लिहीत नाही. खामगावहून एसटीनं पाऊण तास लागतो, एवढं पुरे. कार्यालयाचंही लिहीत नाही आणि साहेबांचं तर नाहीच. अकरा वर्षांत सात साहेब झाले, एकाचं नाव छापून बाकीच्या सहांवर अन्याय कशाला करू?

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळी साडेनऊला शटर उघडून मी पहिलंच काम घेतलं होतं ते शेषरावमामांचं. आदल्या संध्याकाळी ते काउंटरवर एक अर्ज ठेवून गेले होते. ‘विषय : एक वेळ मैदानात जाऊन रेघा मारू देणेबाबत.’ त्यांना नेहमी पाच प्रती लागत. चार निघाल्या होत्या, पाचवी निघत होती, तेवढ्यात रफिकचा फोन आला. रफिक आमचा जुना गोलकीपर, आता मैदानाच्या फाटकासमोर चहाची टपरी चालवतो. तो म्हणाला, “पक्या, मामा गये बे. सकाळी मामीले च्या मांगला, अन् कप हातात घ्याच्या आधीच...” मी मशीन बंद केली नाही. पाचवी प्रत निघू दिली, पाचही टाचणी लावून ठेवल्या, आणि मग खाली बसलो.

शेषरावमामा माझे नात्यानं कोणी लागत नव्हते. आमच्या गावात ज्यानं ज्यानं फुटबॉलला पाय लावला, त्या प्रत्येकाचे ते मामा होते. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या जिनिंगच्या मागं मोठं आवार होतं. सरकीचे ढीग उचलले की ते आवार मोकळं व्हायचं आणि रविवारी आमचं व्हायचं. म्हणून आमच्या क्लबचं नाव सरकी इलेव्हन. नोंदणीचं नाव फार भारदस्त आहे, पण ते फक्त लेटरहेडला माहीत. मामा स्वतः कधी खेळले नाहीत. ते रेघा मारायचे. सामन्याच्या दिवशी सकाळी सहाला काथ्याची दोरी घेऊन यायचे. ती दोरी वीस पावलांची. मैदान लांबीला पाच दोऱ्या आणि रुंदीला सव्वातीन, म्हणजे सव्वातीन, त्यात बोटभर इकडं-तिकडं नाही. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची, पांढऱ्या फक्कीचं घमेलं डाव्या कमरेवर घ्यायचं आणि उजव्या मुठीतून फक्की सोडत उलटं चालत जायचं. मी एकदा विचारलं, “मामा, उलटं काऊन चालता? पडसान कुठं.” तर म्हणाले, “पुढं पाह्यलं का हात वाकते. जिथून निंगालो तिथं पाहाचं, मंग रेघ सरळ जाते.”

आणि त्या आवारात एक विहीर होती. जिनिंगची जुनी विहीर, कठडा अर्धा पडलेला, उत्तरेच्या गोलमागं पंधरा-वीस पावलांवर. बॉल आत गेला की सामना थांबायचा, मामा बादली सोडायचे, आणि बादलीतून बॉल वर येईपर्यंत दोन्ही संघ आणि सगळे प्रेक्षक कठड्याभोवती गोळा होऊन सल्ले द्यायचे. आमच्याकडे हाफटाइमपेक्षा विहिरीचा टाइम जास्त लोकप्रिय होता.

आणखी एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. बॉल रेघेच्या आत होता की बाहेर, याची शंका आली आणि रेफ्रीला नीट दिसलं नाही, तर तो रेघ मारणाऱ्याला विचारायचा. पुस्तकात असं काही नाही. बाहेरून आलेला रेफ्री आधी हसायचा, मग मामांचा चेहरा पाहून विचारायचा. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा आमच्याच चषकाच्या अंतिम सामन्यात मलकापूरच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला मी एक हेडर मारला. गोलकीपरनं पडता पडता बॉल ओढून घेतला. सरकीच्या पोत्यांवर बसलेलं अख्खं गाव नाचायला लागलं होतं. रेफ्रीनं मामांकडं पाहिलं. मामा गोलच्या बाजूलाच घमेलं घेऊन उभे होते. ते म्हणाले, “रेघेवर होता. पुरा गेला नव्हता.” आम्ही पेनल्टीवर हरलो. संध्याकाळी मी तणतणत त्यांच्या घरी गेलो.

“मामा, बोटभर बी राह्यलं नव्हतं.”

“बोटभर राह्यलं होतं ना पन?”

“हाव.”

“मंग?”

महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि महिनाभर ते रस्त्यात दिसले की मला विचारत राहिले, “काय बे स्ट्रायकर, जेवला का?”

अकरा वर्षांपूर्वी जिनिंग बंद पडून बराच काळ झाला होता. जागा सरकारजमा झाली आणि तिथं स्टेडियम मंजूर झालं. आम्ही फटाके फोडले. भूमिपूजनासाठी मामांनी आदल्या दिवशी सगळं मैदान आखलं, पाच दोऱ्या, सव्वातीन दोऱ्या, मधलं वर्तुळ, सगळं. मंडपातून कोणीतरी म्हणालं, एवढं कशाला, पाहुणे फक्त नारळ फोडणार आहेत. मामा म्हणाले, “पाहुन्याले नाई, जाग्याले दाखोतो.” पाहुण्यांनी नारळ फोडला, मग फोटोसाठी बॉलला लाथ मारली. बॉल जागचा हलला नाही. पायातला बूट मात्र सुटला आणि सुंदर कमान घेत थेट विहिरीत गेला. मामांनी बादली सोडून बूट वर काढला. पाहुणे एका मोज्यावर उभे राहून म्हणाले, “पुढच्या हिवाळ्यात पहिला सामना इथंच.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला आणि त्या ताज्या पांढऱ्या रेघांवरून गेला. तिसऱ्या दिवशी पत्रे ठोकले.

मग हिवाळे सुरू झाले. पहिल्या हिवाळ्यात निधी यायचा होता. दुसऱ्या हिवाळ्यात तो आला, पण ठेकेदार गेला. नंतर निवडणूक लागली, मग नकाशात धावपट्टी आली, मग ती धावपट्टी नकाशातून निघाली, मग पाऊस जास्त झाला, मग वाळू बंद झाली. आमच्या क्लबचे ‘होम’ सामने सोयाबीन काढलेल्या एका शेतात व्हायचे, गावापासून अकरा किलोमीटर. तिथं घसरून पडलं की गुडघ्याला बुडखे लागायचे. ज्या वयात पोरांना मैदान लागतं त्या वयाची पोरं क्रिकेटकडं वळली, त्यासाठी गल्ली पुरते. आम्ही म्हातारपणाकडं निघालेले प्रेक्षक मात्र दर रविवारी चारला रफिकच्या टपरीवर जमायचो, पत्र्याकडं तोंड करून, जणू सामना सुरू आहे. पत्र्याला एका ठिकाणी भोक होतं. मामा त्याला डोळा लावून आम्हाला धावतं वर्णन ऐकवायचे. “दोन मजूर. एक कुत्रं. मजूर बसले. कुत्रं काम करून राह्यलं.” आम्ही हसायचो. हसण्याशिवाय आमच्या हातात होतं काय? आज विचार केला की त्या हसण्याचाच राग येतो. आमच्यातला एक जण जरी त्या वेळी हसला नसता, नीट संतापला असता, तर बरं झालं असतं.

सहाव्या वर्षी प्रेक्षक गॅलरी उभी राहायला लागली. पायऱ्या वर येताना पत्र्याच्या वरून दिसू लागल्या आणि आम्हाला खरोखर वाटलं की आता झालं. रफिकनं त्या रविवारी सगळ्यांना फुकट चहा पाजला. मामा भोकाला डोळा लावून बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, “पक्या, माह्यासंगं चाल.” चौकीदार ओळखीचा होता, त्यानं फाटक उघडलं. मामांनी पिशवीतून दोरी काढली. मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. उत्तरेकडच्या गॅलरीच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या कुंपणापर्यंत एक दोरी, दोन, तीन, चार... आणि पाचवी ताणता येईना. मामांनी राहिलेलं अंतर पावलांनी मोजलं. पुन्हा एकदा उलट बाजूनं मोजलं. चार दोऱ्या आणि बारा पावलं. मैदान आठ पावलं कमी होतं.

कारण समोरच होतं. नकाशात गॅलरी जिथं होती तिथं ती जुनी विहीर होती. विहीर बुजवून पाया घ्यायचा तर कष्ट. म्हणून ठेकेदारानं गॅलरीच पुढं सरकवली, मैदानात. विहिरीवर एक स्लॅब टाकून दिला. तपासायला आलेल्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्या जागी विहीर होती हे कागदावर कुठंच नव्हतं. ती नेमकी किती पावलांवर होती ते फक्त बादली सोडणाऱ्याला माहीत होतं.

टपरीवर त्या दिवशी भांडण झालं. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, आणि खोटं कशाला सांगू, माझंही तेच होतं. रफिक हात जोडून म्हणाला, “मामा, चूप राहा ना. लहान तं लहान. पाच साल झाले, भेटू द्या जे भेटते ते.”

मामा म्हणाले, “जिल्ह्याचे सामने होतीन का तिथं?”

“नाई होनार. आपले तं होतीन.”

“मंग ते ग्राउंड नाई बे, आंगन हाय. आंगनासाठी थांबलो का मी?”

अर्ज मीच झेरॉक्स केला. पाच प्रती. कार्यालयात त्या वेळी चौथे साहेब होते. त्यांनी अर्ज वाचून मामांना विचारलं, “तुमचा या मैदानाशी संबंध काय?”

“मी रेघा मारतो.”

“कुठे?”

“त्याच्यातच. आता तुमी मारू देसान तवा.”

साहेब हसले आणि म्हणाले, आता रेघा मारायला मशीन येतं. मोजमाप कशानं केलं, हेही त्यांनी विचारलं. मामांनी पिशवीतून दोरी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी पेनाच्या टोकानं ती जरा बाजूला सारली. मी शेजारीच उभा होतो. मला तेव्हा हसू आलं होतं, कारण ती दोरी टेबलावरच्या काचेवर एखाद्या पाळीव सापासारखी वेटोळं घालून बसली होती. आज आठवलं की ते पेन आठवतं.

पंधरा दिवसांनी काम बंद झालं. आता नीट ऐका, कारण या लेखात मला जर कुठली एक गोष्ट ओरडून सांगायची असेल तर ती ही. पाच-सहा वर्षं काम रखडलं त्याचं कारण पत्र्यावर कधी कोणी लिहिलं नाही. निधी नाही असं लिहिलं नाही, ठेकेदार पळाला असं लिहिलं नाही. या वेळी मात्र चार दिवसांत फलक लागला, चांगला मोठा, दुरून वाचता येईल असा : ‘नागरिकांच्या तक्रारीमुळे काम तात्पुरते स्थगित.’ नागरिकांच्या. म्हणजे कोणाच्या, हे गावात कोणालाच विचारावं लागलं नाही. एका फलकानं कार्यालय मोकळं झालं, आणि जे स्टेडियम सहा वर्षांत कोणालाच बांधता आलं नव्हतं, ते शेषराव तायडेनं अडवलं असं ठरलं. बाजारात लोक मामांना थांबवून विचारायला लागले, काय मामा, झालं का समाधान? सरकी इलेव्हनची शर्टं घालून ज्यांनी त्यांच्या रेघांवर आयुष्य काढलं, ते लोक.

त्यांच्यात मीही होतो, आणि माझं तर तोंड सगळ्यांत चालणारं. एका रविवारी टपरीवर मी बाकड्यावर चढलो, गळ्यात मफलर अडकवला, तो वर धरला, जीभ बाहेर काढली आणि न्यायाधीशाच्या आवाजात निकाल वाचला : शेषराव तायडे यांनी आपल्या वीस पावलांच्या दोरीनं सदर स्टेडियमला मरेपर्यंत फाशी दिलेली आहे. टपरी कोसळली हसून. रफिकच्या हातातली किटली सांडली. मामाही हसले. उगाच नाही, चांगले हसले, डोळे पुसले. चहा संपवला, कप रफिकच्या हातात दिला आणि गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला लोकांना हसवता येतं, याचा मला आजवर अभिमान वाटत आला आहे. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी पत्र्याच्या भोकाला डोळा लावणारं कोणी नव्हतं, आणि तिथं एक मफलरवाला शहाणा बसला होता.

चौथ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. मामा खाटेवर बसले होते. कापसाच्या धुळीनं छाती आधीच खराब होती, त्या वर्षी ती जास्तच वाजायला लागली होती. कांतामामी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच म्हणालो, “मामा, त्या दिवशी माह्यं चुकलं.”

“लोकं हसले ना?”

“हसले.”

“चांगलं करते तू. जीभ बाहेर काहाडली ते तं लय बेस.”

मामींनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग मामाच म्हणाले, अगदी साध्या आवाजात, हिशोब समजावून सांगावा तसं, “पक्या, तुह्या गोलाले मी बोटभर सोडलं नाई. तू तं माह्या घरचा. मंग त्या साहेबाले आठ पावलं कशी सोडू?”

मामी म्हणाल्या, “बस आता. उभा काऊन राह्यला?”

पुढं दीड वर्षानं एक नवी इंजिनिअर मुलगी आली. लेझरचं यंत्र घेऊन तिनं मैदान मोजलं. मामा बाहेर उभे होते. ती फाटकातून बाहेर आली आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, “काका, तुमचं बरोबर आहे. शंभर पाहिजे, ब्याण्णव मीटर आहे.” मामांनी फक्त मान हलवली. सात वर्षांत त्या कार्यालयातून आमच्याशी खरं बोललेली ती पहिली व्यक्ती. तिची बदली झाली. तिच्या अहवालावरून गॅलरी पाडायचं ठरलं, अर्धी पाडली, आणि ठेकेदार यंत्रं घेऊन गेला तो गेलाच. फलकावर मात्र खरं काही आलं नाही. ‘आमची चूक झाली होती, तायडे यांचं बरोबर होतं’ असं लिहायला किती पत्रा लागला असता? तेवढा पत्रा तिथं रिकामा होता. पण साहेब लोकांनी जुना फलक काढला, आणि त्याच्या जागी पुन्हा तेच रंगवलं, काम प्रगतिपथावर आहे. आत आता गाजरगवत कमरेएवढं आहे आणि गॅलरीच्या अर्ध्या पायऱ्यांवर शेळ्या बसतात. आमच्या स्टेडियमचा पहिला प्रेक्षकवर्ग तोच.

मामा अर्ज करत राहिले. आधी विषय असायचा ‘काम सुरू करणेबाबत’, मग ‘कामाची माहिती मिळणेबाबत’, मग ‘गवत काढणेबाबत’. मागणी दर वर्षी लहान होत गेली. एका पावसाळ्यात ते सहाव्या साहेबांसाठी बाकड्यावर सकाळी अकरापासून बसले होते. पाचला शिपाई म्हणाला, साहेब मागच्या दारानं केव्हाच गेले. मी त्यांना मोटारसायकलवर घ्यायला गेलो होतो. वाटेत मी साहेबांच्या सात पिढ्या काढत होतो. मामा मागून म्हणाले, “गाडी हळू चालव. छातीत हलते.” आणि बऱ्याच वेळानं, “मले मॅच नाई पाहाची रे आता. एक डाव रेघा माराच्या हायेत बस. पाच दोऱ्या. मंग त्याइले जे कराचं ते करू दे.” त्यातूनच तो शेवटचा अर्ज आला, जो माझ्या दुकानात राहिला.

आमच्या गावची प्रत्येक अंत्ययात्रा मैदानावरूनच जाते. फाटकाशी रफिकनं सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, पाच मिनिटं आत नेऊ. चौकीदार रडत होता, पण कुलूप नवं होतं आणि किल्ली साहेबांकडं होती. साहेब बुलडाण्याला मीटिंगला गेले होते. कोणीतरी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, लेखी अर्ज द्या. मी हे बनवून लिहिलेलं नाही. माझ्या दुकानात त्या क्षणी पाच प्रती टाचणी लावून तयार होत्या... कोणी दगड उचलला असता तर मी पहिला दगड मारला असता, पण मागून कांतामामी म्हणाल्या, “चाला. त्याइले थांबाची सवय हाय, तुमाले नाई.” आणि आम्ही निघालो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरासमोर मांडव घालून केला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या खाटेखाली पाहिलं. तिथं फक्कीचं एक गोणं होतं, तोंड शिवलेलं. मामी म्हणाल्या, पहिल्या सामन्यासाठी आणून ठेवलं होतं, भूमिपूजनाच्या वर्षीच. अकरा पावसाळ्यांची ओल लागून ते आता दगड झालं होतं. पोरांनी मांडवात जागा करायला ते ओढून बाहेर आणलं आणि भिंतीशी टेकवून ठेवलं. बुद्धवंदना झाली, मग आदरांजलीची भाषणं. सातवे साहेबही आले होते, पांढरा शर्ट, दोन माणसं सोबत. चहा आला तेव्हा त्यांनी कप कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि त्या गोण्यावर ठेवला. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

साहेब बोलायला उभे राहिले. स्वर्गीय शेषरावजी हे या शहराच्या क्रीडा चळवळीचे आधारस्तंभ होते, म्हणाले. त्यांच्या पाठपुराव्यामुळेच प्रकल्पाला दिशा मिळाली, म्हणाले. मी आणि रफिक एकमेकांकडं पाहत होतो. मग साहेबांनी आवाज जरा चढवला आणि जाहीर केलं की, या दुःखाच्या प्रसंगी कार्यालयानं एक निर्णय घेतला आहे. प्रस्तावित स्टेडियमच्या प्रस्तावित उत्तर गॅलरीला शेषराव तायडे यांचं नाव देण्यात येईल, तसा ठराव लवकरच मांडू. मांडवात टाळ्या पडायला सुरुवात झाली. मीही हात वर केले होते, सवयीनं. तेवढ्यात फोटोशेजारी बसलेल्या कांतामामी, जागच्या न उठता, पदर सावरत म्हणाल्या,

“नाव त्याइच्या मायनं ठेवलं होतं, साहेब. तुमी ग्राउंड द्या.”